कळफलकाचे मस्टर कोणाच्या हाती?

(अहिल्यानगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या उमटल्या असतील. संगणकाच्या कळफलकावर आणि माउसवर होणाऱ्या प्रत्येक हालचालीची नोंद एका फाइलीत साठवता येते, आणि ती फाइल वाचून तिचा हिशेब मांडण्यासाठी पंचवीस-तीस ओळींची एक स्क्रिप्ट पुरते, हा विषय संगणकाच्या शिकवणीत शोभेल. पक्षाच्या अभ्यासवर्गात त्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर ते स्वाभाविक आहे. माझे म्हणणे असे की, जेथे श्रमाची किंमत मोजमापावर ठरते तेथे मोजमापाचे साधन आणि ते वापरणारा हात हे दोन्ही आपल्या विचाराचे विषय होतात. नगर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना तर हे फार समजावून सांगण्याची गरज पडू नये.

१९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्यात जी कामे निघाली आणि पुढे १९७७ च्या कायद्याने ज्या रोजगार हमी योजनेला हक्काचे स्वरूप आले, त्या कामांवर राबलेली माणसे आजही आपल्या गावागावांत आहेत. त्यांना विचारून पाहा. मजुरी भरलेल्या दिवसांवर ठरत नसे, झालेल्या कामाच्या मोजमापावर ठरत असे. माती किती खणली, ती किती अंतरावर वाहिली, किती उंचीवर टाकली, जमीन मऊ होती, मुरमाड होती की कठीण मुरूम होता, यावर दर ठरे. दिवसभर कुदळ मारून हाताला फोड आले असले तरी मोजणाऱ्याने वहीत ‘कठीण मुरूम’ लिहिले की ‘माती’ लिहिले, एवढ्यावर आठवड्याचा पगार वर-खाली होई. ज्या ठिकाणी कार्यकर्ते स्वतः टेप धरायला आणि दरपत्रक वाचायला शिकले तेथे मजूर अधिकाऱ्याशी आकड्यांनी बोलू शकले. जेथे तसे झाले नाही तेथे घोषणा झाल्या, पण वहीतला शब्द तसाच राहिला. उसाच्या काट्याची गोष्ट वेगळी नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मालकीचा प्रश्न एका परीने सुटला; पण गाडी काट्यावरून खाली उतरताना वजनाच्या पावतीकडे साशंक नजरेने पाहण्याची शेतकऱ्याची सवय काही गेली नाही, आणि ती सवय चांगलीच आहे.

आता काटा बदलला आहे. आपल्या घरांतील मुलेमुली पुण्याला हिंजवडीत कंपन्यांत बसून, किंवा २०२० नंतर रूढ झालेल्या रीतीने संगमनेर-श्रीरामपूरच्या घरी बसून, संगणकावर काम करतात. काही जण परदेशी गिऱ्हाइकांची कामे तासाच्या बोलीवर घेतात. तासाच्या कामासाठी अपवर्कसारख्या बाजारपेठेत जी प्रणाली वापरतात ती दर दहा मिनिटांच्या कप्प्यात किती कळा दाबल्या गेल्या, माउस किती वेळा टिचकावला, हे मोजते आणि पडद्याचे चित्रही घेते. ही मुले संघटित नाहीत. त्यांतील बहुतेकांना आपण कामगार आहोत हे मान्यही नाही. तरी त्यांच्या श्रमाचे मस्टर रोज भरले जात आहे, आणि ते मस्टर त्यांनी कधी उघडून पाहिलेले नाही.

म्हणून प्रथम ते मस्टर उघडू. लिनक्स या खुल्या प्रणालीत ही नोंद कशी होते हे सर्वांना वाचता येईल असे जाहीर आहे, यासाठी उदाहरण तिचेच घेतो. अन्य प्रणालींत तपशील निराळा असतो, तत्त्व तेच. कळ दाबली की यंत्राच्या गाभ्यातून एक छोटी नोंद बाहेर पडते. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर तिची लांबी २४ बाइट असते. पहिले १६ बाइट वेळेचे: आठ सेकंदांचे, आठ सेकंदाच्या दशलक्षांश भागांचे. पुढचे दोन बाइट घटनेचा प्रकार सांगतात, त्यापुढचे दोन घटनेचा क्रमांक आणि शेवटचे चार तिचे मूल्य. प्रकार १ म्हणजे कळ, प्रकार २ म्हणजे माउसचे सरकणे, प्रकार ० म्हणजे ‘येथे एक घटना पूर्ण झाली’ अशी नुसती खूण, प्रकार ४ मध्ये बहुधा कळेचा यंत्रातील मूळ क्रमांक येतो. कळेच्या बाबतीत मूल्य १ असेल तर ती दाबली गेली, ० असेल तर सुटली, २ असेल तर दाबून धरली म्हणून यंत्राने आपोआप पुनरुक्ती केली. एवढेच. यात ‘काम’ नावाचे कोठे काही नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. स्क्रिप्ट म्हणजे या फाइलीतून चोवीस-चोवीस बाइटांचे घास घेत जाणारा, प्रत्येक घासाचे पाच तुकडे करणारा आणि कोणता तुकडा हिशेबात धरायचा व कोणता टाकायचा हे ठरवणारा कारकून. पायथन भाषेत हे लिहायला अर्धा तास लागतो. पण ‘धरायचा’ आणि ‘टाकायचा’ हे दोन शब्द जेथे येतात तेथे कारकून मुकादम होतो.

मघाशी आपल्या एका परिचालक भगिनीने येथे आपल्यासमोर इन्स्क्रिप्ट मांडणीत एकच शब्द टंकला: ‘म्हणून’. वाचताना अक्षरे तीन आहेत, म्ह, णू आणि न. पण टंकताना तिला म, मग पाय मोडण्याची खूण, मग ह, मग शिफ्ट दाबून ण, मग दीर्घ ऊकार, मग न, अशा शिफ्टसह सात कळा दाबाव्या लागल्या. फाइलीत त्या कळांचे क्रमांक उमटले ते असे: ४६, ३२, २२, ४२, ४६, २०, ४७. यात ४६ दोनदा आला आहे. पहिल्यांदा तो म आहे, दुसऱ्यांदा ण. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी ४२ म्हणजे शिफ्ट खाली दाबलेली होती आणि अजून सुटलेली नव्हती. अर्थात जी स्क्रिप्ट शिफ्ट केव्हा दाबली आणि केव्हा सोडली याचे भान ठेवीत नाही ती ‘म्हणून’चे ‘म्हमून’ करील. शिवाय फाइलीत अक्षर नसतेच, फक्त कळेची जागा असते. हेच क्रमांक इंग्रजी मांडणीने वाचले तर अर्थहीन रोमन अक्षरे निघतील, आणि जुन्या टंकलेखनयंत्राच्या मांडणीवर शिकलेल्या माणसाने तोच शब्द टंकला तर क्रमांकांची रांगच वेगळी येईल. फाइल वाचणाऱ्याला टंकणाऱ्याची मांडणी ठाऊक नसेल तर त्याने वाचलेले सर्व व्यर्थ आहे.

आता मोजू. सात कळा, प्रत्येकीचे दाबणे आणि सुटणे मिळून चौदा घटना. सामान्य कळफलकावर प्रत्येक घटनेमागे तीन नोंदी पडतात: मूळ क्रमांकाची, कळेची आणि पूर्णतेच्या खुणेची. कोणतीही कळ रेंगाळली नाही असे धरले तर ४२ नोंदी, म्हणजे १,००८ बाइट. तर मग या भगिनीने किती काम केले? सगळ्या नोंदी मोजणारा म्हणेल ४२. फक्त कळांच्या नोंदी मोजणारा म्हणेल १४. फक्त दाबणे मोजणारा म्हणेल ७. शिफ्ट वगळणारा म्हणेल ६. अक्षरे मोजणारा ३ म्हणेल आणि शब्द मोजणारा १. सहाही उत्तरे बरोबर आहेत, फाइल एकच आहे, आणि कोणते उत्तर पगारपत्रकावर जाईल हे स्क्रिप्टमधील एका ओळीवर अवलंबून आहे. जोडाक्षर हा आपला कठीण मुरूम आहे असे म्हटले तर उपमा फार ताणल्यासारखी होऊ नये.

हे काल्पनिक गाऱ्हाणे नाही. केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत डेटा एन्ट्री ऑपरेटरसाठी ताशी ८,००० कळदाबांचा वेग मागितला जातो. कारकुनांच्या टंकलेखन चाचणीत इंग्रजीचे मिनिटाला ३५ शब्द म्हणजे ताशी १०,५०० कळदाब आणि हिंदीचे मिनिटाला ३० शब्द म्हणजे ताशी ९,००० कळदाब असे समीकरण आहे. दोन्ही भाषांना सरासरी एका शब्दाला पाच कळा, असा एकच भाजक लावलेला आहे. पाचाचा हा आकडा इंग्रजी टंकलेखनाच्या परंपरेतून आला. देवनागरीसाठी शब्दांची अट पस्तिसावरून तिसावर आणली, ही सवलत खरी. पण सहा कळांच्या, आणि शिफ्ट धरल्यास सात कळांच्या, ‘म्हणून’ला व त्यामागच्या मोकळ्या जागेला पाचात बसवताना कोणत्या मजकुरावरून सरासरी काढली, हे उमेदवाराला कोण सांगणार? आपल्या राज्यात महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद मराठी संगणक टंकलेखनाच्या ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा घेते. नगर शहरातील आणि तालुक्याच्या गावांतील टंकलेखन संस्थांतून दर सत्रात मुले-मुली त्यांना बसतात. त्यांतील किती जणांना ‘शब्द’ म्हणजे यंत्राच्या हिशेबी काय, हे शिकवले जाते?

माउसची कथा याहून विनोदी आहे. साधा माउस हलत असताना सेकंदाला सव्वाशे वेळा आपली खबर देतो, आणि प्रत्येक खबरीत आडव्या सरकण्याची, उभ्या सरकण्याची आणि पूर्णतेची अशा तीनपर्यंत नोंदी असू शकतात. म्हणजे मिनिटभर माउस नुसता गोल फिरवला तर बावीस हजारांच्या वर नोंदी पडू शकतात. ‘म्हणून’ हा शब्द पाचशेहून अधिक वेळा टंकावा तेव्हा तेवढ्या नोंदी होतील. नोंदींच्या संख्येवर उद्योगीपणा ठरवणाऱ्या स्क्रिप्टला टेबलावर माउस घोटीत बसलेला माणूस हा साऱ्या कार्यालयातला सर्वांत कष्टाळू माणूस वाटेल. पुष्कळ चुका करणाऱ्याचेही तसेच. चुकलेले खोडण्याची कळ हीसुद्धा कळच आहे, तिचा क्रमांक १४. दहा अक्षरे चुकीची टंकून दहा खोडणाऱ्याच्या खात्यावर वीस दाब जमा होतात, आणि विचार करून एकदाच बरोबर टंकणाऱ्याच्या खात्यावर दहा.

काळाच्या कप्प्यांचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ हे शब्द फाइलीत नाहीत. कोणीतरी ठरवतो की अमुक मिनिटांत एकही घटना नसेल तर माणूस निष्क्रिय समजावा. कप्पा दहा मिनिटांचा धरला आणि त्यात एक कळ दाबली गेली, तर ती दहाही मिनिटे सक्रिय. कप्पा एका मिनिटाचा धरला, तर तीच फाइल सांगते की दहांपैकी एक मिनिट काम झाले. शंभर टक्के आणि दहा टक्के, यांच्यामध्ये फक्त मोजणाऱ्याची मर्जी आहे. त्यात घड्याळाची भर. नोंदींतील वेळ बहुधा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत आणि जागतिक प्रमाणवेळेत असते, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने हे साडेपाच तास मिळवले नाहीत आणि ‘दहा ते सहा’ ही कार्यालयाची वेळ तशीच लावली, तर प्रत्यक्षात तो दुपारी साडेतीन ते रात्री साडेअकरा एवढाच काळ तपासत असतो. सकाळी दहाला येऊन साडेतीनपर्यंत जीव तोडून केलेले काम हिशेबातून गळते. आणि रात्रपाळीच्या माणसाची रात्र पहाटे साडेपाचला दोन तारखांत दुभंगते.

शेवटी फाइलीतील शांतता. ग्रामपंचायतीत बसलेला संगणक परिचालक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पात तो आला, २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाखाली राबला, आणि आपल्याला कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी यासाठी त्याने पुन्हा पुन्हा मोर्चे काढले. समजा, उद्या त्याच्या यंत्रावर असा मोजक बसवला. समोर एक म्हातारी नमुना ८ च्या उताऱ्यासाठी उभी आहे. घराची नोंद मयत नवऱ्याच्या नावावर, नावात एका कागदावर एक चूक आणि दुसऱ्यावर दुसरी. परिचालक दोन्ही कागद शेजारी धरून पाहतो, तिला दोन प्रश्न विचारतो, ग्रामसेवकाला फोन लावतो. तेवढ्यात जोडणी तुटते, ती परत येईपर्यंत तो थांबतो. वीस मिनिटे कळफलक स्तब्ध आहे. फाइलीत या वीस मिनिटांची एकही नोंद नाही. तो खुर्चीत झोपला असता तरी फाइल अशीच दिसली असती. वाचणे, ऐकणे, विचार करणे, समजूत घालणे, आणि यंत्र बंद पडल्यामुळे ताटकळणे, हे सारे या मोजमापाला आळसासारखे दिसते. सार्वजनिक कचेरीत माणसाशी बोलण्यात गेलेला वेळ वजा धरला गेला, तर परिचालक काय शिकेल? म्हातारीला ‘उद्या या’ म्हणावे आणि कळा बडवीत राहावे.

अशा मोजमापाला लोक उत्तर देतात ते ठरलेलेच असते. रोजगार हमीत खोटी मस्टरे निघाली, येथे माउस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रे निघाली, ती बाजारात उघड विकली जातात. २०२४ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेने कळफलकावर काम चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे जाहीर कागदपत्रांतून उघड झाले. त्या कर्मचाऱ्यांची बाजू घेण्याचे मला कारण नाही. पण ज्या व्यवस्थेत कळेची टकटक हाच कामाचा पुरावा ठरतो तेथे टकटकीचा धंदा निघणार, मग तो धंदा पकडण्याचा आणखी एक धंदा निघणार, आणि दोन्हींचा खर्च अखेर कामगाराच्या वेळेतून वसूल होणार.

आता आपल्यातल्याच एका आक्षेपाकडे वळतो. काही ज्येष्ठ साथी म्हणतात, ‘ही मोजणीच आम्हाला अमान्य आहे. ती कशी वाचावी हे शिकणे म्हणजे तिला मान्यता देणे.’ त्यांच्या म्हणण्यामागे अनुभव आहे. बँकांत आणि विमा महामंडळात संगणकाच्या आगमनाला ज्यांनी विरोध केला, १९८३ मध्ये बँक संघटनांनी यांत्रिकीकरणाबाबत जो करार केला, त्या काळाची ही माणसे. त्या लढ्यात मुख्य प्रश्न नोकऱ्यांचा होता आणि तो रास्तच होता. पण संगणक आले, राहिले, आणि आज तेच कामगाराकडे पाहत आहेत. मोजणीला विरोध करावयाचा असेल तर तो जरूर करू. प्रत्येक कळ टिपून ठेवण्याला तर केलाच पाहिजे. मात्र ज्याला फाइल वाचता येत नाही त्याचा विरोध चौकशी अधिकाऱ्यासमोर दोन मिनिटे टिकतो. तो कागद पुढे सरकवतो, कागदावर ‘सक्रियता ३१ टक्के’ असे काही छापलेले असते, आणि आपला माणूस खाली मान घालतो. कप्पा किती मिनिटांचा, घड्याळ कोठले, सुटलेल्या कळा धरल्या की टाकल्या, एवढे तीन प्रश्न त्याला विचारता आले तर त्या कागदाचा रुबाब निम्मा उतरेल.

नोंदी वाचता येणे केवळ पगारापुरते महत्त्वाचे आहे असेही समजू नये. पुण्याच्या भीमा-कोरेगाव प्रकरणात २०१८ मध्ये अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. त्यात म्हटले होते की, जून २०१६ मध्ये त्या संगणकात नेटवायर नावाची घातक प्रणाली शिरवण्यात आली, बावीस महिने तो संगणक परक्याच्या ताब्यात होता, आणि आक्षेपार्ह म्हणून पुढे आलेली पत्रे बाहेरून त्यात ठेवली गेली. नेटवायरच्या अंगी कळफलकावरची कळ न् कळ टिपण्याची करामत आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही, आणि त्यावर न्यायालयाचा अंतिम निर्णय झालेला नाही. विल्सन यांना जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, तोपर्यंत त्यांची साडेसहा वर्षे तुरुंगात गेली होती. त्या खटल्याच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, यंत्रात मागे राहिलेल्या नोंदी बाइट-बाइट सोडवून वाचणारे कोणी भेटले तेव्हाच आरोपीला स्वतःच्या बाजूने बोलण्यासारखे काही हाती आले. असे वाचक आपल्या चळवळीपाशी आज नाहीत. परदेशातून आणावे लागतात.

कायद्याची स्थिती काय आहे? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आपल्याकडे बराच गाजावाजा झाला. त्याच्या सातव्या कलमात संमतीवाचून माहिती वापरण्याची जी प्रयोजने दिली आहेत त्यांत ‘नोकरीची प्रयोजने’ आणि मालकाचे नुकसान टाळणे हीही आहेत. अकराव्या कलमात माणसाला स्वतःविषयीच्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क दिला आहे. पण तो ज्याला आपण संमती दिली किंवा आपण होऊन माहिती पुरवली त्याच्याकडेच मागता येतो. दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचा. मालकाने संमती न विचारता, नोकरीच्या कारणास्तव, आपल्या कळा नोंदवल्या तर त्या पाहण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही. विचारून घेतले असते तर दाखवावे लागले असते, न विचारता घेतले म्हणून दाखवणे नको! याच कायद्याच्या आधारे माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीची तरतूद बदलण्यात आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. पूर्वी व्यापक जनहित दाखवून अशी माहिती त्या तरतुदीखालीच मागता येत असे. ती वाट तेथून काढून टाकली गेली. माहिती अधिकाराच्या आंदोलनात राळेगणसिद्धीचे नाव साऱ्या देशात गेले, महाराष्ट्राने २००२ चा कायदा केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी केला, त्या जिल्ह्याने या बदलाविषयी अधिक मोठ्याने बोलायला हवे होते.

जर्मनीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला आहे. तेथील १९७२ च्या कायद्यानुसार, कामगारांच्या वागणुकीवर वा कामावर देखरेख करू शकणारे तांत्रिक साधन बसवायचे तर कामगारांच्या निवडलेल्या मंडळाची सहमती लागते. जुलै २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयाने, ठोस संशय नसताना कळांची नोंद घेणारी प्रणाली बसवून मिळवलेला पुरावा बडतर्फीसाठी वापरता येणार नाही, असा निर्णय दिला. त्या प्रकरणात कामगाराने कामाच्या वेळेत स्वतःची खासगी कामे केली होती, तरीही. आपल्याकडे अशी सहमतीची तरतूद नाही. पण दार अगदीच बंद नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत सेवाशर्तींतील काही बदलांपूर्वी २१ दिवसांची सूचना देण्याचे बंधन जुन्या कायद्यातून पुढे आले आहे, आणि त्या बदलांच्या यादीत शिस्तीचे नवे नियम घालणे हाही विषय आहे. या संहितांना आपला विरोध आहे आणि राहील. तरीपण ‘इतके कळदाब भरले नाहीत तर कारवाई’ हा शिस्तीचा नवा नियमच आहे, असा मुद्दा संघटनांनी उभा करावा आणि सूचनेवाचून बसवलेल्या प्रत्येक मोजकाला त्या मुद्द्यावर अडवावे, असे मला वाटते.

आणि करार करण्याची वेळ आली तर काय मागावे? गोपनीयता या एका मोठ्या शब्दावर समाधान मानू नये. मोजक बसवण्यापूर्वी लेखी सूचना हवी. कोणती कळ दाबली हे टिपता कामा नये, अगदीच टिपायचे तर संख्या टिपावी. कच्च्या फाइलीची प्रत ज्याची ती त्याला मिळाली पाहिजे, तीही कारवाईच्या नोटिशीनंतर नव्हे, दर महिन्याला. हिशेब करणाऱ्या स्क्रिप्टचा मजकूर कराराला जोडलेला असावा, जसे रोजगार हमीचे दरपत्रक कामावर मागता येई, आणि तो बदलला तर बदल उभयपक्षी व्हावा. वीज गेली, जोडणी तुटली, गिऱ्हाईक समोर बसले होते, यांची नोंद करण्याची जागा कामगाराला हवी आणि ती हिशेबात धरली जावी. जुन्या फाइली केव्हा नष्ट करणार याची तारीख हवी. यांतील कच्च्या फाइलीची आणि स्क्रिप्टची मागणी मालक सर्वांत कडवेपणाने नाकारतील. ‘ते आमच्या प्रणालीचे व्यापारी गुपित आहे’ असे उत्तर येईल. उसाच्या काट्याचे वजन हे कारखान्याचे व्यापारी गुपित आहे असे कोणी शेतकऱ्याला सांगून पाहावे.

आजच्या प्रात्यक्षिकात भरलेली फाइल मी आपल्यासमोरच पुसून टाकली आहे, कारण टंकताना त्या भगिनीने चुकून आपला पासवर्ड टंकला असता तर तोही कळांच्या क्रमांकांत तसाच बसला असता आणि वाचणाऱ्याने सहज वाचला असता. स्क्रिप्टच्या छापील प्रती दाराशी टेबलावर आहेत. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी एकेक न्यावी, यंत्रातल्या ज्या फाइलीतून या नोंदी मिळतात ती उघडायला व्यवस्थापकाची परवानगी लागते, ती आपल्या यंत्रावर आपल्याकडेच असते. स्वतःच्या अर्ध्या तासाच्या कामाची फाइल भरावी, आणि कप्पा आधी एका मिनिटाचा, मग दहा मिनिटांचा धरून दोन्ही उत्तरे कागदावर लिहावी. दुसऱ्याच्या यंत्रावर त्याच्या परवानगीवाचून हा प्रयोग करू नये. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि कायदा नसता तरी आपण तो केला नसता. दोन्ही आकडे लिहिलेले कागद पुढच्या बैठकीला घेऊन या.